निळ्या टबांचा उन्हाळा

होळीची राख थंड झाली की सुरतेतलं ऊन मुद्द्यावर येतं. तोवर ते नुसतं दारात येऊन चौकशी करून जातं. परवा पर्वत पाटियाच्या पुलावरून रिक्षाने येत होते. खाली गच्च्याच गच्च्या. सहज पाहिलं, तर एका गच्चीवर पांढरं धोतर अंथरलेलं, चारही टोकांवर विटा, आणि धोतरभर गोल गोल ओल्या चकत्या. "बिबडे!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की रिक्षावाल्याने ब्रेकच दाबला. "शुं थयुं बेन?" घाबरून त्याने मागे पाहिलं. आता याला काय सांगायचं? "कंई नथी भाई, चालो," म्हटलं आणि घरापर्यंत एकटीच हसत बसले.

ज्यांना बिबडे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते, आणि मनातल्या मनात त्यांची कीवही करते. ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालायची, निथळून वाळवायची, भरडायची, आणि सकाळी सकाळी मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, जिरं, मीठ नि मूठभर तीळ घालून तिचा घट्ट घाटा शिजवायचा. तो गरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने थापायचा. बोटं भाजतात, म्हणून शेजारी पाण्याचं भांडं. घाटा गार झाला की थापला जात नाही, त्यामुळे हे एकटीदुकटीचं काम नव्हे. पाच-सहा जणी हव्यातच. संध्याकाळी धोतर उलटं करून पाण्याचे शिपके मारले की एकेक बिबडा सुटून हातात येतो. मग वर्षभर तळा, निखाऱ्यावर भाजा, नाहीतर तसाच कच्चा कुरतडत बसा.

मी माहेरची साताऱ्याकडची. आमच्या वाळवणात सांडगे, कुरडया नि पोह्याचे पापड. बँकेतल्या नवऱ्यामागे सुरतेला आले आणि मग इथलीच झाले. सुरतेने मला पुष्कळ खाऊ घातलं. थंडीत कोवळ्या ज्वारीचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर, तापीकाठच्या वाऱ्यात उभं राहून खायचा. आणि थंडी सरली की तीच ज्वारी जून होऊन लिंबायतच्या, म्हणजे इथल्या खानदेशी वस्तीच्या, गच्च्यांवर बिबडे होऊन वाळते. पोंक सुरतेचा, बिबडे खानदेशचे. मला दोन्ही घरचे वाटतात. जिभेला मी कधीच प्रांत शिकवला नाही.

पण बिबडे पाहिले की मला नुसती भूक लागत नाही. मला एक निळा टब आठवतो. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात तो टब माझ्या कामाचा भाग होता.

माझं काम तपासायचं. औषध डॉक्टर ठरवतात, आशा कार्यकर्त्या ते घरोघर पोचवतात, आणि ते खरंच पोचलं का, पोचून पोटात गेलं का, हे पाहायला सगळ्यांच्या मागून मी जाते. हत्तीपायाच्या गोळ्यांची वार्षिक मोहीम झाली की गोळी गिळली की बोटाला लावतात त्या शाईच्या खुणा पाहत फिरायचं. "गोळ्या समोर गिळल्या की मागाहून घेतो म्हणालात?" असं खोदून विचारायचं. लिंबायतमध्ये तर आणखी गंमत. डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्याचा अख्खा पंजाच जांभळा किंवा हिरवा. त्यात शाईची खूण कुठे शोधणार? त्यातून लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणारे पाळीत. दिवसा गेलं तर माणूस झोपलेला, संध्याकाळी गेलं तर माणूस कामावर. आणि आमच्या कामातले सर्वांत चीड आणणारे शब्द कोणते असतील तर 'घर बंद'. उन्हातान्हात तीन जिने चढून जावं आणि दाराला कुलूप. पुन्हा या, पुन्हा चढा. 'घर बंद' लिहिताना माझ्या पेनाचं टोक कागदात रुततं असं आमचे हे म्हणतात. ते असंही म्हणतात की मी लग्नाला गेले तरी पंगतीत कुणाला मठ्ठा पोचला नाही हे पाहत असते. ते खरं आहे. पण कुणाला तरी पाहायला नको का?

त्या वर्षी काम वेगळं होतं. गोळ्या पुढच्यांना रोग होऊ नये म्हणून असतात. ज्यांचा पाय आधीच सुजून बसला आहे त्यांचं काय? त्यांच्यासाठी कार्यक्रमात एक संच दिला होता: एक निळा टब, एक मग, टॉवेल, साबण आणि बोटांच्या बेचक्यात लावायचं मलम. पाय रोज साबणाने धुवायचा, बोटाबोटांमधून कोरडा टिपायचा, मलम लावायचं, बसताना उंचावर ठेवायचा. सूज सगळी उतरत नाही. पण कातडी फुटायची थांबते, वास जातो, आणि वरचेवर येणारा थंडी वाजून ताप पुष्कळ कमी होतो. पाय हलका होतो, असं लोक म्हणतात. संच पावसाळा संपता संपता वाटले होते. आता फाल्गुनात मी पाहायला निघाले होते, की टब वापरात आहेत का.

वापरात तर होते! असे वापरात असलेले सरकारी टब मी जन्मात पाहिले नव्हते.

कल्पना माझ्याबरोबर होती. ती तिथली आशा कार्यकर्ती, त्याच वस्तीतली सून, माहेर अमळनेरकडचं. बोलणं गुजरातीत सुरू करायची, हिंदीत वळवायची आणि रागावली की अहिराणीत संपवायची. पहिल्याच घरात निळा टब समोर होता, आणि त्यात काठोकाठ ज्वारी भिजत होती. दुसऱ्या घरात टबात बाळ बसलं होतं, साबणासकट, मगही त्याच्याच हातात. तिसऱ्या घरात पुन्हा ज्वारी. कल्पना कपाळाला हात लावायची आणि मी मुकाट्याने 'टब अन्य कामासाठी' असं लिहायची. एका घरातल्या आजींनी तर मला धीर दिला. "मॅडम, टब पायनाच शे. बिबडा व्हई जाऊ द्या, मंग परत पायले."

"म्हणजे बिबडे होईपर्यंत पायाने थांबायचं?" मी विचारलं.

"थांबी नं. इतला वरीस थांबना," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी हसू दाबलं, पण कल्पनाला काही ते जमलं नाही. आम्ही दोघी जिन्यात येऊन भिंतीला टेकून पोटभर हसलो. खाली गल्लीत लूमची खटाखट चाललेली, गरम वाऱ्याबरोबर कुठूनसा लसूण ठेचल्याचा वास येत होता, आणि माझ्या हातातला कागद सांगत होता की कार्यक्रम साफ आपटला. तरी मला वाईट वाटेना. त्या दिवसांतली वस्तीच तशी होती. ज्या घरात डोकवावं तिथे काहीतरी भिजतंय, भरडलं जातंय, निवडलं जातंय. बायका एकमेकींच्या दारात उभ्या राहून पातेली मागत होत्या. मजा बघा, हे सगळं शहर कापड विणतं, पण ते सगळं पॉलिस्टर. ते पाणी धरत नाही आणि बिबडा त्यावर ठरत नाही. म्हणून ज्या घरातले पुरुष दिवसभर ताग्यांवर तागे काढतात, त्या घरातल्या बाईला बिबड्यांसाठी सुती धोतर मात्र गावाहून मागवावं लागतं. अशी धोतरं जपून ठेवलेली असतात, आणि ती मागायची हिंमत फक्त सख्ख्या मैत्रिणीला होते.

मग विमलबाईंचं घर आलं.

तळमजल्याची एक खोली, दारात वीतभर ओटा. आत भिंतीला खिळा, आणि खिळ्याला उलटा टांगलेला निळा टब. कोरा करकरीत वाटावा इतका स्वच्छ. शेजारच्या दोरीवर टॉवेल. साबण वाटीत. मलमाची ट्यूब खालून वर नीट गुंडाळत आणलेली, टूथपेस्ट संपवतात तशी. विमलबाई साठीला आलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जाड. त्यांचे मालक लूमवर होते, ते गेले. आता मुलगा लूमवर आणि सून साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणते.

"ये वं माय, बठ. पाय देखाले उनी ना? देखी ले," म्हणत त्यांनी पाय पुढे केला.

मी वाकून पाहिलं. बोटांच्या बेचक्या कोरड्या, कातडीला कुठे चीर नाही. रोज दोन वेळा धुता का? हो. ताप कधी आला होता? दिवाळीनंतर नाहीच. मलम? लावते. पाय उंच? त्यांनी उशी दाखवली. माझ्या कागदावरचे सगळे रकाने पटापट बरोबर भरत गेले. सबंध वस्तीत एकटी बाई पहिल्या वर्गात उत्तीर्ण! मी कौतुकाने टबाकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, "आख्खी गल्लीनी मांगा. मी कोनले दिन्हा नही."

मी निघणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "माले एक सांग. खरं सांगजो. आते पाय वास मारस का?"

"नाही हो विमलबाई. साबणाचा वास येतोय छान."

"मंग यंदा माले बलावतीन," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःलाच, कोण जाणे.

बाहेर आल्यावर कल्पनाने मला सगळं सांगितलं. या गल्लीत दांड्याने घोटून घाटा हाटावा तर विमलबाईंनी, असं एकेकाळी होतं. पातेल्यात ज्वारी रटरटायला लागली की तिला गुठळी होऊ न देता, करपू न देता, नेमकी कुठे थांबवायची हे त्या नुसत्या आवाजावरून ओळखत. सगळ्या गच्च्यांवर त्यांना बोलावणं असे. आणि बिबड्यांना बोलावणं म्हणजे खरोखरचं बोलावणं. ज्या घरचा घाटा, तिथली बाई आदल्या संध्याकाळी स्वतः दाराशी येते आणि सांगते. फोन नाही, निरोप नाही. न बोलावता कुणी जायचं नाही, आणि बोलावल्यावर कुणी नाही म्हणायचं नाही. मजुरी वगैरे काही नसते. गरम घाटा तेल घालून खायचा, हाच मान. मग विमलबाईंचा पाय वाढत गेला. कातडी फुटली, पाणी येऊ लागलं, वास सुटला. एका वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या लताबाई म्हणाल्या, "विमल, तू आराम कर यंदा." प्रेमानेच म्हणाल्या. पण ते यंदा संपलंच नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, नुसतं संध्याकाळी दाराशी यायचं थांबलं. तेव्हापासून विमलबाईंच्या घरात किलोवर विकत आणलेले बिबडे येऊ लागले. खानदेशी बाईला याहून मोठी शिक्षा नसावी. ते बिबडे त्या स्वतः खात नसत, फक्त मुलाला तळून देत.

"मॅडम, सगळी थंडी ती बाई पाय धूत होती ना, ती यासाठी," कल्पना म्हणाली. "तापासाठी नाही. गच्चीसाठी."

गंमत अशी की माझ्या कागदावर त्या गल्लीची समज फार सुंदर उतरली होती. हत्तीपाय कशाने होतो? डासाने. शिवल्याने होतो का? नाही. हत्तीपायाच्या रुग्णाशेजारी बसून जेवाल का? हो, त्यात काय! लताबाईंनी तर 'हो' म्हणताना माझ्याकडे असं पाहिलं होतं, जणू मी त्यांच्या संस्कारांवर शंका घेतली. कल्पनाने वर्षभर घसा कोरडा करून शिकवलं होतं, आणि सगळ्या बायका ते मनापासून शिकल्या होत्या. उत्तरं सगळी बरोबर होती आणि विमलबाई ओट्यावर बसून होत्या.

मला अगदी तोंडाशी आलं होतं, की लताबाईंना जाऊन सांगावं. पण तपासणाऱ्याने बोट घालायचं नसतं. जे आहे ते पाहायचं, लिहायचं आणि निघायचं. आपणच ढवळलं तर मग तपासायचं काय? हा नियम मी नव्या मुलींना मोठ्या तोऱ्यात शिकवते. त्या रात्री जेवताना मी तो आमच्या ह्यांनाही शिकवला. ते म्हणाले, "नियम बरोबर आहे. मग आमटीत मीठ दोनदा का पडलंय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा विमलबाईंकडे गेले. पाय धुण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहायची, असाही एक भाग होता. खरं तर सकाळी गेलं असतं तरी चाललं असतं. पण बोलावणी संध्याकाळी येतात हे मला आता ठाऊक होतं, आणि माझा पाय तिकडे ओढत होता. कल्पना आधीच येऊन ओट्यावर बसली होती. तिचंही तेच असावं.

विमलबाईंनी टब खिळ्यावरून काढला. मगाने पाणी घातलं, हाताने उष्ण-गार पाहिलं. मग साबण हातावर फेसून पायावरून वरून खाली आणला, घडीघडीतून, घाई न करता. एखादी बाई पितळेचे देव घासते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बोटं एकेक करून उघडून धुतली. टॉवेलने चोळलं नाही, टिपलं. मी लिहायचं विसरून पाहत राहिले. गल्लीत दिवे लागत होते. पाळी बदलायची वेळ, डबे घेऊन माणसं लूमकडे निघालेली. विमलबाई पाय पुसत होत्या, पण त्यांचे डोळे गल्लीच्या तोंडाशी होते.

आणि लताबाई आल्या.

पदर खोचलेला, कपाळावर घाम. सरळ दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कल्पनाने माझा दंड इतक्या जोराने दाबला की वळ उठला असावा. विमलबाईंचा हात टॉवेलावर थांबला.

"विमल, तुना टब दे नं दोन दिन," लताबाई म्हणाल्या. "अजून पायलीभर जवारी भिजाडानी शे. पोरना सासरलेबी धाडना शेत बिबडा. घरमा भांडंच उरनं नही."

टब! बोलावणं नव्हे, टब.

विमलबाईंनी टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लता, हाऊ पायना टब शे. देख, आतेच पाय धुया मी त्यामा."

"मंग काय व्हयनं? घशीसन धुई लिसू."

विमलबाईंनी टबाकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं. लताबाईंकडे पाहिलं. आणि हळूहळू त्यांच्या तोंडभर असं हसू पसरलं की मी ते अजून विसरले नाही. "काय वं लता! मना पायना टबमा तुनी जवारी चालस, आनि मना पाय तुनी गच्चीवर चालत नही?"

शेजारच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या दोघी होत्या, त्यांचे हात थांबले. आणि मग आधी कोण हसलं ते मला सांगता यायचं नाही. बहुधा लसूणवाली एक जण. पण एकीचं हसू सुटलं तशा सगळ्याच सुटल्या. कल्पना ओट्यावर आडवी व्हायची बाकी होती. लताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. विमलबाई तर गदागदा हसत होत्या, त्यांच्या हसण्याने टबातलं पाणीही हलत होतं.

"चुकनं मनं," लताबाई पदर काढून म्हणाल्या. मग त्यांनी पदर नीट डोक्यावर घेतला, दोन पावलं मागे गेल्या, आणि नुकत्याच आल्यासारख्या पुन्हा दाराशी येऊन उभ्या राहिल्या. रीतीने बोलावतात तसं म्हणाल्या, "विमल, सकायमा घाटा शे मनाकडे. येशी ना?"

"घाटा कोन हाटी?" विमलबाईंनी विचारलं. लगेच हो म्हणाल्या असत्या तर त्या विमलबाई कसल्या!

"तूच हाट नं वं माय. मना कच्चाच ऱ्हास दर साल."

"येसू," विमलबाई म्हणाल्या. "पन टब देवाव नही."

"नको देऊ!"

जाता जाता लताबाई माझ्याकडे वळल्या. मी कागद छातीशी धरून, नियमाप्रमाणे, काहीच न करता उभी होते. "मॅडम, तुम्हीबी या," त्या म्हणाल्या. आणि बोलावल्यावर नाही म्हणायचं नसतं, हा नियम माझ्या नियमाहून जुना होता.

ती सकाळ! गच्चीवर विटांची चूल, भलंमोठं पातेलं, कोवळं ऊन आणि चारी बाजूंना पाण्याच्या टाक्या. तीन जिने विमलबाई एकेक पायरी चढून आल्या. मागून कल्पना पाट घेऊन, कुठे थांबाल तिथे बसा म्हणून. त्या कुठेच बसल्या नाहीत. वर पोचल्यावर मात्र पाटावर बसल्या, डावा पाय दुसऱ्या पाटावर उंच ठेवला, सगळ्यांच्या देखत, साडीत न झाकता, आणि लांब लाकडी दांडा हातात घेतला. सुरुवातीला बायका जरा जपून बोलत होत्या. मग घाट्याला उकळी आली, विमलबाईंचा आवाज चढला, "मीठ कमी शे! तीळ टाका! आच कमी कर वं, ढुसकट!" आणि जी ती कामाला लागली. इतक्या वर्षांचं जपून बोलणं त्या एका 'ढुसकट'ने संपलं. ती शिवी कल्पनाला होती. तिने ती बक्षीस मिळाल्यासारखी घेतली.

तपासायला गेलेल्या माणसाने कुणाकडे खायचं नसतं. मी खाल्लं. लताबाईंनी पितळी ताटलीत गरम घाटा वाढला, मधे बोटाने खळगा केला आणि त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल ओतलं. लसणाचा झणका नाकात, ज्वारीची गोड-आंबट चव जिभेवर, डोळ्यांत पाणी. ते तिखटाने आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. मग बाह्या सरसावून थापायलाही बसले. माझे बिबडे कुठल्याच बाजूने गोल होईनात. विमलबाईंनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई कोना बिबडा शेत? नकाशा काढी ऱ्हायनी का?" मला तपासणारं कुणी भेटलं, याचा मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

ऊन चढलं तशी खालची खटाखट, वरची बडबड आणि धोतरावर हात पडल्याचा पच्-पच् आवाज एकमेकांत मिसळून गेले. विमलबाईंचा पाय उन्हात पाटावर होता. कुणी त्याकडे पाहत नव्हतं आणि कुणी पाहायचं टाळतही नव्हतं. एकीने तर पाण्याचं भांडं ठेवायला जागा नव्हती म्हणून ते त्याच पाटावर, पायाशेजारी ठेवलं. मी ते पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

ऑफिसात अहवाल देताना मी म्हटलं, एक प्रश्न वाढवू या: गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी कामाला किंवा कार्याला बोलावलं का? आमचे साहेब गुजराती, भले गृहस्थ. डोकं खाजवून म्हणाले, "बेन, आ पापडनो सवाल केवी रीते पूछवानो?" मी म्हटलं, बिबडे, साहेब, पापड नव्हे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर माझ्या हातचे वेडेवाकडे बिबडे तळून ठेवले. चहाबरोबर त्यांनी ते सगळे संपवले आणि तो प्रश्न ठेवला. टब ज्वारी भिजवायला जातात म्हणून पुढच्या खेपेला संच होळीच्या नंतर नव्हे तर आधी तपासावेत, असंही कुणीतरी सुचवलं. त्याला मात्र मी कडाडून विरोध केला. मग मला घाटा कोण देणार?

यंदाही पाहणी आहे. पुलावरून बिबडे दिसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी लिंबायतला गेले. गल्ली तीच, ओटे तेच, काही बिल्डिंगांना नवे रंग. कल्पना आता नव्या कार्यकर्त्यांना शिकवते, त्यामुळे मी एकटीच होते. सकाळीच ऊन मी म्हणत होतं. घाम पुसत विमलबाईंच्या दाराशी पोचले.

दाराला कुलूप.

ओट्यावर कुणी नाही. बाहेरच्या भिंतीला आता खिळा मारलेला आहे आणि त्यावर निळा टब उलटा टांगलेला. रंग थोडा उडालाय. काठावरून पाण्याचा थेंब ओघळून खाली पडला, मग आणखी एक. शेजारी टॉवेल ओला. म्हणजे आत्ताच पाय धुऊन बाई गेली. मी पेन काढलं आणि कागदावर लिहिलं: घर बंद. इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी इतक्या सुरेख अक्षरात कधी लिहिले नव्हते.

टब खरंच ओला आहे का, हे पाहायला मी सवयीने हात पुढे केला. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून, कठड्यावरून ओणवून, खणखणीत आवाज आला.

"टबले हात लावू नको वं! हात धू आनि वर ये, घाटा गार व्हई ऱ्हायना!"